इंजिन खेळण्यातलं का दिसतं? वाफेची आगगाडी रंगवण्याविषयी

एका चित्रकाराचा प्रश्न आला आहे: "वर्षभर जलरंगात वाफेची इंजिनं रंगवतोय. फोटो समोर ठेवून एकेक नट-बोल्ट काढतो, तरी चित्र पुरं झालं की इंजिन खेळण्यातलं वाटतं आणि धूर कापसाचा. यंत्र नेमकं किती अचूक काढायचं? आणि रोजच्या वापरातून ही इंजिनं गेलेली असताना या विषयात नवं काही उरलंय का?"

तुमचा शेवटचा प्रश्न शेवटी घेतो. आधी खेळण्याचं बघू, कारण त्याचं कारण बहुतेक वेळा नट-बोल्टांत नसतंच.

खेळणं आपण नेहमी वरून बघतो. ते टेबलावर नाहीतर जमिनीवर असतं आणि आपले डोळे त्याच्या छपराच्या वर. म्हणून चित्रात बॉयलरची पाठ दिसू लागली की बघणारा न कळत इंजिन लहान धरून बसतो. मग तुम्ही कितीही तपशील भरा. खरं इंजिन रुळांपासून साधारण 4 मीटर उंच. रुळांच्या कडेला जमिनीवर उभे राहिलात तर तुमची नजर दीड-पावणेदोन मीटरवर येते. 'फ्लाइंग स्कॉट्समन' या ब्रिटिश एक्सप्रेस इंजिनाची मोठी चाकं 2.03 मीटर व्यासाची आहेत, म्हणजे आपण बहुतेक सगळे त्या चाकाहून बुटके. तेव्हा क्षितिजरेषा चाकांच्या उंचीत ठेवून एकदा तेच इंजिन काढून बघा. बॉयलरवरचे पट्टे वरच्या बाजूला कमानीसारखे वळतील, धुराडं आभाळात जाईल आणि नट-बोल्ट न काढताही वजन येईल. फलाटावरून बघाल तर नजर बॉयलरच्या मध्याजवळ येते. तिथं दरारा कमी होतो, पण सलगी वाढते. दोन्ही चालतं, फक्त कुठं उभे आहात ते आधी ठरवा.

उंचावरून रंगवू नये असं नाही. पिसारो या फ्रेंच चित्रकारानं 1871 साली लंडनच्या दक्षिणेचं लॉर्डशिप लेन स्टेशन पादचारी पुलावरून रंगवलं. गाडी समोरून येतेय, पण ती चित्रात एवढीशी आहे आणि तेवढीच ठेवायची होती. दोन्ही बाजूंची उतरती गवताळ जमीन, ओलसर आभाळ आणि मधे तो काळा ठिपका आणि वाफ. त्यानं मुळात एक माणूसही काढला होता आणि नंतर तो रंगाखाली बुजवला. माझ्या मते फार योग्य केलं. माणूस असता तर गाडीकडे कुणी बघितलं नसतं.

खेळणेपणाचं दुसरं कारण रूळ. जगात सगळ्यात जास्त चालणाऱ्या मापात दोन रुळांमधलं अंतर 1,435 मिलिमीटर असतं आणि वर धावणारी गाडी जवळजवळ त्याच्या दुप्पट रुंद. म्हणजे इंजिन रुळांच्या दोन्ही बाजूंना चांगलंच बाहेर आलेलं असतं. नवशिके हमखास रूळ इंजिनाएवढे रुंद काढतात आणि मग ते इंजिन पाटावर ठेवल्यासारखं बसतं. अरुंद मापाच्या रुळांवर हा बाहेर येण्याचा प्रकार आणखी ठळक होतो. समोरून काढताना पेन्सिलनं हे एवढं एक प्रमाण मोजा, बाकीचं बरंच आपोआप सुधारतं.

आता अचूकपणाचा मुद्दा. इथं माझीच फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एक मोठं तैलचित्र लावलं होतं: इंजिन तिरकं समोरून, दोन्ही बाजूंची चाकं थोडीथोडी दिसताहेत, दांडे चकचकीत. एक निवृत्त इंजिनचालक चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी कौतुकाची वाट बघत होतो. ते म्हणाले, "रंग छान आहेत. पण हे इंजिन एकदा अडलं की परत हलायचं नाही."

झालं होतं असं, की डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक, म्हणजे दट्ट्याच्या (पिस्टनच्या) पुढे-मागे होण्यातून चाक फिरवणारे भाग, मी एकाच स्थितीत काढले होते. दोन सिलिंडरच्या इंजिनात ते एकमेकांशी काटकोनात बसवतात. दट्ट्या सिलिंडरच्या अगदी टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाकाला फिरवू शकत नाही; दांडा सरळ आसाच्या रेषेत आलेला असतो. दोन्ही बाजू एकदमच या अवस्थेत आल्या आणि गाडी नेमकी तिथं थांबली, तर ती पुन्हा सुटणार कशी? म्हणून एक बाजू अडलेली असताना दुसरी पूर्ण जोरात असावी अशी ती मांडणी. मी एका फोटोवरून एक बाजू काढली होती आणि दुसरी 'तशीच असणार' म्हणून उतरवली होती.

त्या दिवसापासून मी चाकांबद्दल चार गोष्टी पाठ केल्या आहेत. जोडलेली सगळी चाकं एका बाजूला एकाच कोनात असतात, म्हणजे पहिल्या चाकाची क्रँकपिन (दांडा जिथं चाकाला जोडतात ती खुंटी) खाली असेल तर तिसऱ्याचीही खालीच. त्यामुळे चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा कायम रुळांना समांतर राहतो; तो वर जातो, खाली येतो, पण कधी तिरका होत नाही. तिरका होतो तो दट्ट्याकडून येणारा दांडा. आणि चाकावर जो चंद्रकोरीसारखा भरीव भाग दिसतो ते दांड्यांचा तोल सावरणारं वजन. ते मुख्यत्वे पिनच्या समोरच्या बाजूला येतं. पिन खाली तर कोर वर. एवढं कळलं की फोटोत अर्धं चाक वाफेत गेलेलं असलं तरी उरलेलं तुम्ही स्वतः काढू शकता.

चाकांच्या लंबवर्तुळाबद्दल एकच सांगतो: त्याचा लहान अक्ष नेहमी आसाच्या दिशेत जातो. कागदावर आधी आसाची रेघ काढा, मग तिच्याशी काटकोनात लांब अक्ष घ्या. चाक लगेच रुळावर उभं राहतं. नाहीतर ते पडायला आल्यासारखं दिसतं आणि आपण उगाच आऱ्यांत दोष शोधत बसतो.

मग हे सगळं चित्रात काढायचं का? नाही. पण काय सोडायचं हे कळायला आत काय चाललंय ते कळावं लागतं. तुमच्या चित्रात प्रत्येक पाइपला सारखाच मान आहे, कारण कुठला पाइप काय करतो ते तुम्हाला माहीत नाही. इंग्लिश चित्रकार टर्नरचं 'रेन, स्टीम अँड स्पीड' बघा. 1844 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते लागलं तेव्हा टर्नर 69 वर्षांचा होता आणि आगगाडी त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण. ब्रुनेल या इंजिनिअरनं बांधलेला मेडनहेडचा पूल, पाऊस, आणि त्यातून आपल्याच अंगावर येणारं ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं इंजिन. सगळ्या चित्रात ठाम कडा जवळपास एकच आहे: काळं धुराडं. बाकी सगळं विरघळलंय. आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला त्यानं आगीची धग दाखवली आहे. खऱ्या इंजिनात भट्टी मागे असते, चालकाच्या पायांशी. पुढून ती दिसूच शकत नाही. माझे ते निवृत्त चालक इथंही काही बोलले असते कदाचित. पण माझ्या चुकीत आणि या लबाडीत फरक आहे. टर्नरला पोटातली आग बाहेर आणायची होती. माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतला चित्रकार चार्ल्स शीलर. 1939 सालच्या 'रोलिंग पॉवर'मध्ये त्यानं फक्त चाकं आणि दांडे रंगवले, तेही इतके काटेकोर की लोकांना फोटो वाटतो. संपूर्ण इंजिन नाहीच. तपशिलाची हौस असेल तर हा मार्ग घ्या: तुकडा निवडा आणि त्यात जीव ओता. संपूर्ण इंजिन आणि संपूर्ण तपशील दोन्ही एका चित्रात मागितले की ते चित्र कंपनीच्या माहितीपत्रकासारखं होतं.

आता वाफ. तुमचा धूर कापसाचा होतो, कारण तुम्ही वाफ आणि धूर या दोन गोष्टींना एक समजून रंगवता, आणि ते कुठून, का येतंय याचा विचार करत नाही.

खरी वाफ दिसत नाही, ती काचेसारखी पारदर्शक असते. आपण जे पांढरं बघतो ते हवेत निवलेले पाण्याचे बारीक थेंब. म्हणून सुरक्षा-झडपेतून जोरात वाफ सुटते तेव्हा झडपेच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा दिसते आणि पांढरं त्याच्या वर सुरू होतं. ती मोकळी जागा ठेवली की दाब जाणवतो. चित्रात ती बहुतेक कुणी ठेवत नाही.

गाडी सुटताना पुढच्या चाकांपाशी, जमिनीलगत दोन्ही बाजूंना पांढरे फवारे येतात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरात वाफेचं पाणी झालेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते आधी काढून टाकलं नाही तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून चालक तिथल्या तोट्या उघडतो आणि काही अंतर गेल्यावर बंद करतो. हे फवारे भरधाव गाडीला काढलेले मी छापील कॅलेंडरांवरही पाहिले आहेत. बघणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण गाडी धावत नाहीये असं वाटत राहतं.

धुराड्यातून येतं ते मिश्रण असतं. काम करून आलेली वाफ धुराड्यातून जोरानं बाहेर फेकली जाते आणि जाताना भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळे आगीला वारा मिळतो. इंजिन जितकं जास्त ओढतं तितकी आग जास्त फुलते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला चार हुंकार. गाडी हळू सुटत असताना हे चार वेगवेगळे गोळे दिसतात, एकावर एक चढत जाणारे. वेग आला की त्यांचा सलग पट्टा होतो. आणि चालकानं वाफ बंद करून गाडी नुसती वाहू दिली असेल, उतारावर किंवा स्टेशन जवळ आल्यावर, तर धुराड्यावर जेमतेम आळसावलेला धूर असतो. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीवर ढगांचे डोंगर काढू नका.

काळा धूर म्हणजे ताजा कोळसा पडलाय आणि त्याला पुरेशी हवा मिळत नाहीये. चांगल्या फायरमनला त्याची लाज वाटते. आज जे नाट्यमय फोटो आपल्याला दिसतात त्यांतले कितीतरी खास फोटोसाठी काढलेल्या फेऱ्यांतले असतात, तिथं मुद्दाम काळा धूर काढून मागतात. त्यावर आपली नजर पोसली गेली आहे. जुने, साधे, कामावरच्या गाड्यांचे फोटो शोधून बघा. धूर किती कमी आहे ते पाहून चकित व्हाल.

हवामानाचाही हात असतोच. थंड, दमट सकाळी पांढरी वाफ दाट होते आणि गाडी गेल्यावरही रेंगाळते. कोरड्या उन्हात ती धुराड्यापासून थोड्याच अंतरावर विरून जाते. चित्रात भर उन्हाचं पिवळं गवत आणि वर हिवाळ्याची वाफ असा घोटाळा मी स्वतःही केला आहे. वाऱ्याचंही तसंच: वारा पडलेला असेल तर वाफेचा गोळा जिथं सुटला तिथंच हवेत राहतो, गाडी पुढे निघून जाते. वारा गाडीच्या दिशेनं आणि तिच्याच वेगानं असेल तर वाफ सरळ वर उभी राहते. चित्रात झाडं किंवा झेंडा असेल तर त्यांच्याशी जुळवून घ्या.

रंगाकडे येऊ. वाफ पांढरी असते हे डोक्यातून काढा. गडद डोंगरासमोर ती उजळ दिसते. तीच वर चढून उजळ आभाळासमोर आली की आभाळापेक्षा काळपट होते. एकाच लोटात ही अदलाबदल व्हायला हवी, आणि ज्या जागी ती होते तिथं कडा हरवते. ती हरवू द्या. सूर्य मागे असेल तर काठ पेटतात आणि मध्य निळसर राखाडी राहतो. विरळ कोळशाचा धूर गडद पार्श्वभूमीवर निळसर दिसतो आणि उजळ आभाळावर तपकिरी. शिवाय लोटाची सावली पडते, डब्यांवर, खडीवर, शेतावर. ती सावली काढली की धूर हवेत तरंगतो, नाहीतर कागदावर चिकटतो.

जलरंगात मी मास्किंग फ्लुइडनं (कागद पांढरा राखायला लावतात त्या द्रवानं) वाफ राखत नाही, त्याची कडा सुरीनं कापल्यासारखी येते. कागद त्या भागात ओला करतो, पांढरं तसंच ठेवतो आणि मागचा गडद रंग ओल्या कडेपर्यंत आणून सोडतो. धुराड्याजवळची एक-दोन सेंटिमीटर कडा मात्र कोरड्यावर घेतो, कारण तिथं जोर असतो. धुरासाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि काजळीचा पोत फुकट मिळतो. पांढरा गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, फक्त झडपेच्या एखाद्या बारीक फुत्कारासाठी. मोठ्या ढगावर लावलात तर खडूचा डाग दिसेल.

काळ्या इंजिनाचंही हेच. ट्यूबमधला काळा रंग सपाट लावला की तिथं भोक पडल्यासारखं होतं. काळा तेलकट पत्रा हा आरसाच असतो: वरच्या अंगाला आभाळ, खालच्या अंगाला खडीचा तपकिरी रंग, आणि मधे कुठंतरी एक पट्टा खरोखर काळा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत फ्रेंच चित्रकार मोनेचं पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनचं जे चित्र आहे, त्याच्या रंगांची तपासणी झाली आहे. त्यातले मळकट करडे आणि तपकिरी भाग मुख्यतः भडक रंग एकमेकांत मिसळून केलेले निघाले, काळा नावापुरता. 1877 च्या सुरुवातीला त्यानं या एका स्टेशनाची 12 चित्रं केली. त्यांपैकी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या चित्रात छपराच्या सावलीतली वाफ निळी आहे. मोनेच्या त्या चित्रांत इंजिनं अगदी ढोबळ आहेत, पण वाफ कुठं छपराखाली कोंडलीय आणि कुठं उजेडात सुटलीय हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता.

फोटोवरून काम करणं आज टाळता येत नाही, पण त्याच्या खोडी ओळखा. दुरून लांब लेन्सनं घेतलेल्या फोटोत गाडी दबून आखूड होते, रुंद लेन्सनं इंजिनाचं नाक फुगतं. इंजिनाच्या लोखंडी चौकटीखालचा भाग नुसता काळा येतो; प्रत्यक्षात तिथं बरंच दिसतं. आणि वेगवान शटर वाफेला गोठवतो, तिथूनच तो कापूस येतो. दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र करून विकायचं असेल तर परवानगी घ्या, हे वेगळं सांगायला नको. शक्य तेव्हा जतन केलेल्या रेल्वेवर किंवा संग्रहालयात जाऊन उभ्या इंजिनाची चाकं काढा. गाडी सुटते तेव्हा चित्र काढू नका, नुसतं बघा आणि ती गेल्यावर आठवणीतून दोन मिनिटांत धुराची दिशा आणि तीन टोन (उजळ, मधला, गडद) टिपून घ्या. त्या फालतू दिसणाऱ्या चिठोऱ्या मला शंभर फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडल्या आहेत.

आणि जमीन विसरू नका. रेल्वेला चढ मानवत नाही. 100 मीटरला 1 मीटर म्हणजेही तिच्यासाठी दखल घेण्याजोगा चढ. म्हणून ती टेकडी कापते, खळग्यात भराव घालते आणि मोठ्या, संथ वळणानं जाते. रस्त्यासारखे वर-खाली होणारे रूळ काढलेत की पुन्हा खेळणं.

आता शेवटचा प्रश्न, नवं काही उरलंय का. तुम्ही रेल्वे म्हणजे इंजिन असं धरलंय म्हणून विषय संपल्यासारखा वाटतो. एदुआर माने या फ्रेंच चित्रकारानं 1873 मध्ये 'रेल्वे' नावाचं चित्र केलं, त्यात गाडीच नाही. लोखंडी गजांपाशी पुस्तक घेऊन बसलेली एक स्त्री आणि आपल्याकडे पाठ करून गजांतून पलीकडे बघणारी मुलगी. पलीकडे फक्त पांढरी वाफ. गाडी कुठं आहे म्हणून लोकांनी तेव्हाही विचारलं. अमेरिकन चित्रकार हॉपरच्या 1925 सालच्या 'हाउस बाय द रेलरोड'मध्येही गाडी नाही. घराच्या पायथ्याला आडवे रूळ आहेत, ते घराला जगापासून कापून टाकतात. फ्रान्सच्या दोमिएनं तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेल्या गरीब बायामाणसांचे चेहरे रंगवले. इंग्लंडच्या रॅव्हिलियसनं 1940 मध्ये रिकाम्या डब्याच्या खिडकीतून दूरच्या टेकडीवरचा पांढरा घोडा दाखवला. दारावर 3 चा आकडा, बाकांचं कापड, आणि कुणीही नाही.

ही मंडळी आपल्या काळातली गाडी रंगवत होती. आपण गेलेल्या काळातली रंगवतो, आणि तिथं हळहळीचा गोडवा फार पटकन चढतो: सोनेरी संध्याकाळ, घासून लखलखीत केलेलं पितळ. खरी इंजिनं कामावर असताना बहुतेक मळलेली असत, तेल आणि राखेनं माखलेली, पांढऱ्या क्षारांचे ओघळ आलेली. तुम्ही तेवढी मळ जरी रंगवलीत तरी गर्दीतून वेगळे व्हाल.

तुमच्या पुढच्या चित्रासाठी माझं सुचवणं असं: इंजिन काढूच नका. गाडी नुकतीच सुटून गेलेला फलाट घ्या. शेवटच्या डब्याचा दिवा दूर वळणावर, छपराखाली अडकून राहिलेली वाफ, ओल्या झालेल्या रुळांच्या वरच्या कडांवर आभाळाची रेघ, आणि वाफेतून हळूहळू पुन्हा दिसू लागलेला पलीकडचा बाक. अर्धा कागद कोरा ठेवायची तयारी ठेवा. झालं की पाठवा, बघतो.